लेड एप्रनच्या आत कोण आहे?

रविवारी सकाळी तर्री पोहे, दुपारी सावजी आणि आठवडाभर खुर्चीला चिकटून डेडलाइन्स! मग एक दिवस छातीत कळ येते आणि तुमच्या-आमच्यातलाच कुणीतरी धंतोली नाही तर रामदासपेठेतल्या कॅथलॅबच्या टेबलावर असतो. विदर्भच नाही, शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधूनही पेशंट नागपुरातच येतात. तासाभरात अँजिओप्लास्टी होते, बाहेरचे नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. पण आतले डॉक्टर, नर्स, टेक्निशियन? ते पुढच्या केससाठी तोच जड एप्रन अंगावर ठेवून उभे असतात.

किरणं येतात कुठून?

रक्तवाहिनीतली बारीक तार दिसावी म्हणून अँजिओप्लास्टीत एक्स-रे वारंवार चालू ठेवावा लागतो. मशिनची ट्यूब बहुतेक वेळा टेबलाखाली असते. पण स्टाफला खरा त्रास होतो पेशंटच्या शरीरावर आपटून चहूकडे उडणाऱ्या किरणांचा. पेशंटसाठी हा एखाद्या दिवसाचा मामला, स्टाफसाठी मात्र रोजचा. डॉक्टर पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहतात, त्यामुळे त्यांची डावी बाजू ट्यूबच्या जास्त जवळ येते.

एक गैरसमज आधीच दूर करू. पायाखालचं पेडल सोडलं की किरणं बंद! ती अंगाला चिकटून घरी येत नाहीत. त्यामुळे ‘मुलगी एक्स-रेत काम करते’ म्हणून स्थळ नाकारणाऱ्यांनी जरा शांत व्हावं.

तीन शब्दांचा फंडा

वेळ, अंतर, आडोसा. पेडलवर पाय जितका कमी वेळ, तितकं बरं. सेकंदाला १५ फ्रेम्सऐवजी साडेसात घेतल्या तर डोस साधारण निम्म्यावर येतो. पेशंटपासून एक मीटरऐवजी दोन मीटरवर उभं राहिलं तर तो जवळजवळ एक चतुर्थांश होतो. म्हणजे नर्सने एक पाऊल मागे घेणं हीसुद्धा सेफ्टीच!

आडोशात येतो अर्धा मिलिमीटर शिशाच्या ताकदीचा एप्रन. उडणारी ९० टक्क्यांहून जास्त किरणं तो अडवतो. सोबत गळ्याला थायरॉइड कॉलर, शिशाच्या काचेचा चष्मा, छताला टांगलेली काच आणि टेबलाखालचा पडदा. चष्म्याला ‘फॅशन’ समजू नका. डोळ्यातल्या भिंगाला किरणांचा धोका पूर्वी वाटला त्याहून बराच जास्त असल्याचं कळल्यावर आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये भिंगासाठीची शिफारस वर्षाला १५० वरून थेट २० मिलिसीव्हर्टवर आणली. आणि हो, एप्रनची घडी घालू नका. आतलं शिसं तडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तो हँगरलाच हवा, अधूनमधून एक्स-रेखाली तपासलेलाही हवा.

ड्रॉवरमधला बॅज

आपल्याकडे या सगळ्यावर लक्ष ठेवतं मुंबईतलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे १९८३ मध्ये स्थापन झालेलं एईआरबी. त्यांची मर्यादा आहे सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, हे तुलनेसाठी.

हा हिशेब ठेवतो एप्रनच्या आत छातीवर लावायचा छोटा टीएलडी बॅज. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. गंमत अशी, की कधी घाईत, कधी ‘आकडा वाढला तर ड्यूटी काढून घेतील’ या भीतीने हा बॅज ड्रॉवरमध्येच राहतो. मग कागदावर सगळं झकास! पण उद्या डोळ्याला किंवा तब्येतीला काही झालंच, तर दाखवायला पुरावा कुठला? बॅज किरणं अडवत नाही, पण तुमच्या बाजूने साक्ष देतो.

आई होणार असलेल्या टेक्निशियनने किंवा नर्सने तर बातमी लपवूच नये. ती कळवल्यानंतर बाळासाठी १ मिलिसीव्हर्टची वेगळी, कडक मर्यादा लागू होते आणि कामाची जागा त्यानुसार बदलता येते. हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये कॅथलॅबवाली एखादी मैत्रीण असेलच. पुढच्या वेळी फुटाळ्यावर भेटलात की ‘पगार किती?’च्या आधी एवढंच विचारा : ‘काय गं, बॅज लावतेस ना?’