विश्लेषण : इलेक्ट्रिक कारचा भाव इतक्या लवकर का पडतो? ती विकावी की वापरत राहावी?

इलेक्ट्रिक कार चालवायला स्वस्त, पण विकायला काढली की निम्मीही किंमत येत नाही, अशी तक्रार अनेक मालक करतात. भाव पेट्रोल गाडीपेक्षा लवकर उतरतो, हे खरे. पण त्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही.

नव्या गाडीच्या किमतीचा संबंध काय?

जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीकडे पाहून ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने बॅटरी सेल स्वस्त झाल्याचे सांगत नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२ लाख रुपयांपर्यंत कमी केली. ज्यांनी आदल्या महिन्यात गाडी घेतली होती, त्यांच्या गाडीचा भाव एका घोषणेने उतरला. शिवाय २०२० मधील नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती. २०२४ मध्ये ४५ किलोवॅट-तासांची आली. मोबाइलप्रमाणेच इथेही नवे मॉडेल जुन्याला मागे टाकते.

बॅटरीची भीती किती खरी?

बॅटरीची क्षमता हळूहळू घटते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. बॅटरी थंड ठेवण्याची यंत्रणा नसलेल्या सुरुवातीच्या निसान लीफ गाड्यांना अमेरिकेच्या तापलेल्या ॲरिझोनात हाच त्रास झाला. आता बहुतेक गाड्यांत द्रवाने बॅटरी थंड ठेवतात आणि ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी सर्रास मिळते. खरी अडचण वेगळी आहे. पेट्रोल इंजिनाचा आवाज ऐकून मेकॅनिक अंदाज बांधतो. बॅटरी बाहेरून पाहून काहीच कळत नाही. मग ग्राहक धोका गृहीत धरूनच भाव पाडून मागतो.

जास्त वर्षे वापरली तर?

समजा, १५ लाखांची गाडी ३ वर्षांनी ८ लाखांना विकली. वर्षाला सुमारे २.३ लाखांची घट झाली. तीच ८ वर्षांनी ३ लाखांना विकली, तर घट वर्षाला दीड लाखावर येते. इंधनाची बचत वेगळीच. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला लिटरला १५ किलोमीटर आणि १०० रुपये दराने १ लाखाचे पेट्रोल लागते. युनिटला ७ किलोमीटर आणि १० रुपये धरले, तर घरच्या विजेचा खर्च सुमारे २१ हजार होतो. सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर मात्र बराच जास्त असतो. घरी किंवा सोसायटीत चार्जिंगची सोय नसेल, तर हे गणित बिघडते.

विकताना, घेताना काय पाहावे?

सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या ‘स्टेट ऑफ हेल्थ’चा अहवाल घ्यावा, नवी असतानाच्या तुलनेत किती क्षमता उरली, ते त्यात दिसते. वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हे कागदावर तपासावे. काही ‘आजीवन’ वॉरंट्या पहिल्या मालकापुरत्याच असतात. नव्या इलेक्ट्रिक कारवर ५ टक्के जीएसटी असला, तरी जुनी गाडी विकणाऱ्या नोंदणीकृत डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के भरावा लागतो. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारावर तो लागत नाही.

थोडक्यात, दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला इलेक्ट्रिक कार महाग पडू शकते. आठ वर्षे वापरणाऱ्याला भाव पडल्याची झळ कमी बसते. आणि त्याच पडलेल्या भावात बॅटरी तपासून जुनी गाडी घेणाऱ्याचा तर फायदाच होतो.