लग्नाची जागा: हॉल, लॉन की दारातला मांडव?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या उरणात घरोघरी एकच विषय निघतो. सुपारी फुटलेली असते, तारीख भटजींनी काढून दिलेली असते, आणि मग प्रश्न पडतो, लग्न लावायचं कुठे? आजच्या बोलण्यात आम्ही तेवढंच घेतलं आहे. मानपान, दागिने, आहेर हे विषय आज बाजूला.

आपल्या सासवांच्या लग्नात हा प्रश्नच नव्हता. भात कापून झालं की शेत रिकामं, ते थेट पाऊस पडेपर्यंत. घरापुढे खळं होतं. मेढी, बांबू, झावळ्या आणून गावकीतले लोकच मांडव घालत आणि वरून उंबराची फांदी खोचत. जागेला भाडं नव्हतं. 1970 नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. शेतं गेली, मिठागरं गेली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्याकडे झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. गावठाणात घराला घर लागलं, खळ्यावर खोल्या उठल्या. म्हणून हॉल आला. हॉल ही सगळी हौसच आहे असं आम्ही म्हणणार नाही, जागाच उरली नाही हे त्याचं खरं कारण आहे.

पण आपल्याकडे एक गंमत आहे. लग्न हॉलमध्ये गेलं तरी हळद दारातच राहिली. आगरी-कोळी घरात हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी. म्हणजे जागा एक नाही, दोन ठरवायच्या असतात, आणि पैसे दोन्हीकडे जातात. एका जागेचा दर विचारून खर्चाचा अंदाज बांधलात तर तो चुकलाच म्हणून समजा. हळदीचा मांडव, जेवण, साउंड, खुर्च्या हे सगळं आधी कागदावर मांडा, मगच हॉल बघायला निघा.

हॉल बघायला दुपारी बारानंतर जा, आणि जमलं तर तिथे लग्न चालू असेल त्या दिवशी जा. रिकामा हॉल नेहमी मोठा दिसतो. मालक म्हणेल, हजार माणूस बसतं. एका खुर्चीला चालायच्या वाटेसकट साधारण 8 ते 10 चौरस फूट जागा लागते. पाचशे खुर्च्या म्हणजे चार ते पाच हजार चौरस फूट, आणि त्यात स्टेज व जेवणाची जागा धरलेली नाही. गटात हिशेब लिहिणारी बाई बरोबर न्या, ती दोन मिनिटांत सांगेल.

मग बायकांच्या बाजूने बघा. पुरुष मंडळी पार्किंग आणि स्टेज बघून येतात. नवरीच्या खोलीला आतून कडी आहे का, दाराजवळ संडास किती, तिथे पाणी चालू आहे का, म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील, अंगावर पिणारं पोर घेऊन बाई बसेल कुठे, हे आपणच विचारायचं. पाण्याचं तर नक्की विचारा. रानसई धरण आटत आलं की एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणीकपात लागते. टँकर कोण मागवणार, त्याचे पैसे भाड्यात आहेत का, हे आधीच बोलून घ्या. जनरेटरचंही तसंच. तो फक्त दिव्यांपुरता आहे की पंख्यांनाही चालतो, डिझेल कुणाचं, हे विचारा. मे महिन्यातली उरणची उकाड्याची दुपार तुम्हाला माहीत आहे.

लॉन स्वस्त वाटलं तरी वर छप्पर आहे का बघा. मेअखेरीची तारीख असेल तर वळवाचा भरवसा नाही.

आता पाहुण्यांच्या वाटेचं बोलू. इथे उरणचं गणित इतर गावांपेक्षा वेगळं आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही आली. मुंबईचे पाहुणे म्हणतात, आता काय, अर्ध्या तासात येऊ. खरं आहे, पण सेतूवर मोटारसायकल आणि रिक्षा चालत नाही, आणि लोकल मेन लाईनसारखी पाठोपाठ नसते. शेवटची गाडी बघून जेवणाची वेळ ठरवा. बंदराकडच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या की वऱ्हाडाची बस तासभरही अडकते, म्हणून मुहूर्ताआधी दीड-दोन तास हातात ठेवलेले बरे. बस एसटीकडून प्रासंगिक करारावर मिळते. खासगी गाडी ठरवण्याआधी आगारात दर विचारून या.

लाँचने येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारे, किंवा अलिबागकडून रेवस-करंजा करणारे पाहुणे पेणच्या वळशापेक्षा लाँच पसंत करतात. मोरा बंदरात गाळ साचतो आणि उधाणाच्या दिवसांत पुऱ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. इथे आपल्या कोळणींचा जुना हिशेब वापरा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जेवढे येतील तेवढ्या वाजता साधारण भरती पुरी होते. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी. पुनवेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, नेमकी गोरज मुहूर्ताच्या वेळेला! अक्षय्य तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी रात्री साडेआठच्या आसपास, म्हणजे पाहुणे परत निघतात तेव्हा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी बंदरावर विचारून घ्या. पुनवेच्या जवळचा मुहूर्त असेल आणि लाँचची माणसं जास्त असतील तर सकाळचा मुहूर्त धरा, हॉलही सकाळचा कमी भाड्यात मिळतो का बघा.

पैशाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण गटात कर्जाचे अर्ज लग्नासाठीच जास्त येतात. हॉल मोठा घेतला की माणसं वाढतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जागा आहे ना, मग बोलवा. समजा ताट 300 रुपयांना आहे आणि 500 ऐवजी 700 माणूस धरलं, तर 60,000 रुपये वाढले. ते गटाकडून शेकडा 2 रुपयांनी उचलले तर महिन्याला 1,200 रुपये नुसतं व्याज, मुद्दल बाजूलाच. म्हणून आधी माणसं मोजा, मग हॉल शोधा, उलटं करू नका. गावातलं समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप अडीचशे-तीनशे माणसांना पुरतो आणि त्यात कमीपणा कसला?

दर ठरवताना तो जीएसटी धरून की सोडून, हे विचारा. नोंदणीकृत हॉलच्या बिलावर तो 18 टक्के लागतो, लाखाला 18,000. सफाई, लाईट, भांडी, बाहेरचा आचारी आणला तर त्याचे वेगळे पैसे, डिपॉझिट किती आणि परत कधी, तारीख बदलली तर किती कापणार, हे सगळं पावतीच्या मागे लिहून सही घ्या. तोंडी बोलणं लग्नाच्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहत नाही. वधूवरांच्या वयाचा दाखला मागितला तर रागावू नका. मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा नसेल तर लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

हळदीच्या मांडवाचंही दोन शब्दांत सांगतो. लाईट खांबावरच्या आकड्याने घेऊ नका, तो वीजचोरीचा गुन्हा आहे. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन मिळतं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही. गल्ली अडवली तरी अँब्युलन्स जाईल एवढी वाट सोडा, शेजारी बाळंतीण असते, आजारी म्हातारी असते.

आणि धवलारणीसाठी जागा ठेवा. जुन्या आगरी-कोळी लग्नांत पौरोहित्य तिच्याकडे असायचं, धवला गायल्याशिवाय लग्न पुरं मानत नसत. आता डीजेपुढे तिचा आवाज पोचत नाही आणि हॉलमध्ये तिला स्टेजच्या मागे उभं करतात. हे आम्हाला बरं वाटत नाही. साउंडवाल्याशी पैसे ठरवतानाच अर्धा तास बंद ठेवायचं ठरवा आणि स्टेजच्या पुढे तिला पाट मांडा.

लग्न झालं की पत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे दाखले आणि तीन साक्षीदार घेऊन 90 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा, शहरात असाल तर नगरपालिकेत. हॉलची किल्ली परत देताना घरातलं एक शहाणं माणूस थांबवा. खुर्च्या, भांडी, पंखे मालकाच्या माणसासमोर मोजा, आणि डिपॉझिट हातात पडल्याशिवाय टेंपोत बसू नका.