फुलं येऊ नयेत म्हणून

कॅनडातल्या दक्षिण ऑन्टारियोत डिसेंबरच्या रात्री पारा उणे 15, कधी उणे 20पर्यंत उतरतो. अशा रात्री तिथल्या एखाद्या छोट्या ऑर्किडवाल्याच्या काचगृहात पाऊल टाकलं, तर आत 28 अंश असू शकतात. टेबलांवर फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या, पानं जाड आणि तुकतुकीत, पण फूल एकालाही नाही. बॉयलर रात्रभर धगधगतो आहे, आणि हा सगळा खटाटोप फुलं इतक्यात येऊ नयेत म्हणून चालला आहे.

फॅलेनॉप्सिस म्हणजे फुलपाखरांच्या माळेसारखी दिसणारी, हल्ली आपल्याकडेही भेट म्हणून दिली जाणारी ऑर्किड. तिचं मूळ घर फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि आसपासच्या दमट जंगलांत. 28 अंशांच्या वर ती नुसती पानं काढत राहते. हवा चार ते सहा आठवडे जरा उतरली, म्हणजे दिवसा 25 आणि रात्री 19च्या आसपास राहिली, की पानाच्या बगलेतून फुलांची दांडी फुटते. त्यानंतर पहिली कळी उमलायला साधारण तीन महिने लागतात. थोडक्यात, खिडकी उघडून गारवा आत घेतला त्या दिवसापासून सुमारे चार महिन्यांनी दुकानात माल तयार.

आता कॅलेंडर बघा. 14 फेब्रुवारीला, व्हॅलेंटाईन डेला, फुलं हवी असतील तर गारवा ऑक्टोबरच्या मध्यापासून द्यायचा. तेव्हा बाहेरच थंडी असते, ती फुकट मिळते. पण उत्तर अमेरिकेत फुलांचा दुसरा मोठा सण मातृदिन, मे महिन्याचा दुसरा रविवार. त्यासाठी गारवा जानेवारीत सुरू करायचा. तोवर, म्हणजे ऐन कडाक्याच्या डिसेंबरात, झाडाला हिवाळ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. वर्षातलं सगळ्यात महाग इंधन झाडाला थांबवून धरण्यासाठी जळतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा या धंद्याविषयीची माझी समजूतच उलटीपालटी झाली. मी समजत होतो की थंड देशात ऑर्किड वाढवणं म्हणजे नुसतं ऊब देणं.

ऊब किती लागते, याचा हिशोब सोपा आहे. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद काचगृह धरा. छत आणि भिंती मिळून साधारण 150 चौरस मीटर काच. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून आतबाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे सहा वॉट उष्णता निसटते. आत 28, बाहेर उणे 20, फरक 48 अंशांचा. गुणाकार केला की येतात 43 किलोवॅट. आपल्या घरातले दोन किलोवॅटचे एकवीस-बावीस गीझर संध्याकाळी लावून थेट सकाळी बंद करावेत, तसं हे. दुहेरी पॉलिकार्बोनेट बसवलं की गळती निम्म्याच्या आसपास येते, पण उजेडही थोडा घटतो. आणि तिथे हिवाळ्यात उजेडाचीच तर चणचण! डिसेंबरच्या शेवटी टोरोंटोत दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, जूनमध्ये साडेपंधरा तासांचा.

वीज गेली तर? काचघरातली हवा थोडीच असते, ती बघता बघता गार पडते. म्हणून शहाणा माणूस एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे ठेवतो, शेजारी जनरेटर, आणि तापमान घसरलं की उशाशी फोन वाजवणारा अलार्म. पण याहून छुपा शत्रू हीटरमध्येच बसलेला असतो. इंधन नीट जळलं नाही, धुराड्याला बारीक चीर पडली, की इथिलीन वायू आत पसरतो. हाच वायू केळी पिकवतो. हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी इथिलीन असलं तरी कॅटलेया या ऑर्किडच्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या टोकाकडून कागदासारख्या सुकू लागतात आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. माणसाच्या नाकाला काही कळत नाही. कळ्यांना आधी कळतं.

या धंद्यातला मला सगळ्यात आवडणारा क्षण मात्र दांडी ओळखण्याचा आहे. गारवा देऊन काही आठवडे झाले की मालक टॉर्च घेऊन प्रत्येक रोपाची पानं किंचित बाजूला करून बघतो. वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब दिसतो. हे मूळ असू शकतं, दांडीही असू शकते. मुळाचं टोक गोलसर, गुळगुळीत, चकाकतं. दांडीचं टोक चपटं, जरा तिरपं, अंगावर खवल्यासारखं आवरण. मूळ पुढे वाढलं की त्यावर पांढरट, रुपेरी थर चढतो. तो थर म्हणजे मेलेल्या पेशींचा स्पंज. कोरड्या मुळावर पाणी शिंपडा, डोळ्यांदेखत रुपेरी रंग जाऊन हिरवा उमटतो, कारण थर पाण्याने भरला की पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पाणी कधी घालायचं, हे झाड स्वतः रंगाने सांगतं.

उष्ण देशातून आलेलं झाड थंडीने मरेल, हा समज जुना आहे, आणि त्याने असंख्य झाडांचा जीव घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ऑर्किड मोठ्या संख्येने येऊ लागल्या, तेव्हा त्यांना दारं-खिडक्या बंद केलेल्या, वाफेने कोंदलेल्या काचघरांत कोंबलं जाई. त्यातल्या पुष्कळशा दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या धुक्यात वाढलेल्या. त्या उकाड्याने गुदमरून गेल्या. डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ इस्टेटीचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने हवा खेळती ठेवली, वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळं तापमान दिलं. त्याच चॅट्सवर्थसाठी 1835 मध्ये जॉन गिब्सन भारताकडे निघाला आणि खासी टेकड्यांतून कितीतरी जातींच्या ऑर्किड घेऊन गेला. पुढे ऑर्किडप्रेमी जेम्स बेटमनने अँडीज पर्वतातल्या ऑडोंटोग्लॉसम ऑर्किडसाठी गार काचघराचा पुरस्कार केला. म्हणून आजही ऑन्टारियोतला छोटा उत्पादक अँडीजच्या मॅसडेव्हालिया ऑर्किडला रात्री 10-12 अंशांत मजेत ठेवतो. तिच्यासाठी त्याची झोप उडते ती जुलैत, पारा तिशी ओलांडतो तेव्हा. मुंबईत ती एक मे महिनाही काढणार नाही. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी मात्र मेचा उकाडा सोसून त्याच सुमारास झाडाच्या फांदीवरून फुलांचे घोस सोडते. ऑर्किडला काय मानवतं हे विचारायचं नसतं, कुठल्या ऑर्किडला हे विचारायचं असतं.

सुपरमार्केटमधल्या फॅलेनॉप्सिसशी भावात टक्कर देणं छोट्या माणसाला शक्य नाही. नेदरलँड्समधल्या यांत्रिक काचगृहांतून त्या कोट्यवधींनी निघतात. तो जगतो दुर्मीळ जातींवर, प्रदर्शनांवर, आणि हौशी गिऱ्हाइकावर. तेही गिऱ्हाईक जानेवारीत आलं तर आधी गाडी गरम करून ठेवायला सांगायचं, फुलांभोवती कागदाची दुहेरी गुंडाळी करायची. दारापासून गाडीपर्यंतच्या दोन मिनिटांत उणे 15 अंश कळ्यांचा घात करू शकतात.

आणि बिया. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, धुळीइतक्या बारीक, आणि त्यांच्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. निसर्गात एक बुरशी बीजाला अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं. हे 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नारने शोधलं. 1922 मध्ये लुईस नुडसनने दाखवून दिलं की बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बुरशीशिवायही बी रुजतं. नुडसन कॉर्नेल विद्यापीठात होता, इथाकाला. ऑन्टारियो सरोवराच्या दक्षिणेचा हा भाग बर्फासाठीच ओळखला जातो. ऑर्किडचं बी हमखास रुजवण्याची युक्ती अशी थंड मुलखात सापडली.

त्या युक्तीमुळे छोट्या काचगृहाचा मालकही आज दोन फुलांचा संकर स्वतः करतो. परागांचा पिवळा गोळा काडीच्या टोकावर उचलून दुसऱ्या फुलात ठेवला की मोसमभर टिकणारं ते फूल एक-दोन दिवसांत कोमेजतं. मग शेंग पिकायची, बाटली, छोटी कुंडी, मोठी कुंडी. फॅलेनॉप्सिस असेल तर दोन-तीन वर्षं, कॅटलेया असेल तर पाच ते सात. तेवढे हिवाळे इंधन जाळून तो वाट बघतो, कारण एकाच शेंगेतल्या भावंडांची फुलंही एकसारखी नसतात. पसंत पडली तर लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत संकराचं नाव दाखल करतो. ऑर्किडचा व्यापारी फ्रेडरिक सँडर याने 1906 मध्ये छापायला घेतलेली ही यादी 1961 पासून सोसायटीकडे आहे, आणि तिच्यातून मागे मागे जात 1856 मध्ये फुललेल्या ऑर्किडच्या पहिल्या मानवनिर्मित संकरापर्यंत, कॅलॅन्थे डोमिनिआयपर्यंत, पोचता येतं.