एक वर्ष दुप्पट मध, पुढची दोन वर्षं सारखाच

माझ्या सिनॉप्सिसमध्ये "प्रयोगाचा कालावधी : एक हंगाम" असं लिहिलं होतं. गाईडनी त्यावर लाल रेघ मारली तेव्हा राग आला होता, कारण फेलोशिपचं घड्याळ माझ्या डोक्यात चालू होतं. मग त्यांनी एक पेपर वाचायला दिला. आज त्याबद्दलच.

प्रश्न साधा आहे. थंड प्रदेशात वसंतातला फुलोरा येण्याआधी मधमाश्यांना परागाऐवजी सोयाबीनचं पीठ, यीस्ट आणि साखरेचा पाक यांचा लगदा खायला दिला, तर उपयोग होतो का? तर्काने व्हायला हवा. पराग म्हणजे माश्यांची प्रथिनं. दाई माश्या पराग खातात, त्यातून त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी अळ्यांसाठी खाद्य तयार करतात. पराग नसेल तर अळ्या वाढवणंच थांबतं. शिवाय अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस, आणि ती फुलांवर जायला लागेपर्यंत आणखी साधारण तीन आठवडे. म्हणजे फुलं दिसल्यावर खाऊ घालून काय उपयोग? त्या फुलांवर जाणारी माशी दीड महिना आधीच अंड्यात असायला हवी.

हेदर मॅटिला आणि गार्ड ओटिस यांनी कॅनडात हे २००२ ते २००४ असे तीन वसंत तपासलं. काही वसाहतींना पराग किंवा त्याचा पर्याय दिला, काहींना परागाची टंचाई ठेवली. तिन्ही वर्षी खाऊ घातलेल्या वसाहतींनी अळ्या लवकर वाढवायला घेतल्या आणि एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीपर्यंत सर्वांत जास्त कामकरी तयार केल्या. इथवर तर्क जिंकला.

पण मध? २००२ मध्ये टंचाईतल्या वसाहतींच्या दुप्पट. २००३ आणि २००४ मध्ये मात्र उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत कामकरी माश्यांच्या संख्येतला फरक पुसला गेला आणि मधही जवळपास सारखाच भरला. लेखकांनी याचा संबंध वसंतातल्या हवेशी जोडला. हवा खराब असेल तर माश्या बाहेर पडू शकत नाहीत, तेव्हा पेटीतला खाऊ कामाला येतो. हवा चांगली असेल तर मागे पडलेली वसाहत स्वतःच पराग आणून बरोबरी गाठते.

आता विचार करा, त्यांनी २००२ नंतर थांबून पेपर लिहिला असता तर? किंवा सुरुवातच २००३ ला केली असती तर? दोन्ही वेळा आकडे खरे, पी-व्हॅल्यू कदाचित झकास, आणि मधपाळाला दिलेला सल्ला अर्धवट. एका हंगामात पेट्या ५० ठेवा की ५००, हवामान सगळ्यांना एकच मिळतं. पेट्या वाढवून वर्षं वाढत नाहीत! (हे मला आकडेशास्त्राच्या पेपरात पूर्ण मार्क मिळूनही कळलं नव्हतं.)

माझं काम सातेरी माशीवर आहे, आपल्याकडे टंचाई पावसाळ्यात असते. त्यामुळे कॅनडाचे आकडे मला थेट वापरता येणार नाहीत. पण सिनॉप्सिसमध्ये आता तीन पावसाळे आहेत, आणि डेटाशीटमध्ये रोजच्या पावसाचा एक रकाना. फेलोशिप मात्र तिसऱ्या पावसाळ्याआधी संपते. त्याचं काय करायचं ते अजून ठरायचंय.