‘हल्लीची पोरं’ आणि बँकेची शाखा

साधारण २०१२ ते २०१८ या काळात राष्ट्रीयीकृत बँकेच्या जुन्या शाखेत पाऊल टाकलं की एक गोष्ट काउंटरच्या अलीकडूनच दिसायची. कॅशमध्ये निवृत्तीला आलेले हेड कॅशिअर, शेजारच्या खिडकीवर पंचविशीतली क्लार्क, केबिनमध्ये तिच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठा मॅनेजर. चाळिशीतलं माणूस मात्र शोधावं लागे.

हे आपोआप झालेलं नव्हतं. १९६९ मध्ये चौदा आणि १९८० मध्ये सहा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा तालुक्या-तालुक्यांत पोचल्या आणि भरती धडाक्यात झाली. नव्वदीत ती आटली. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख लोक बाहेर पडले आणि २००१ मध्ये तर भरती करणारी मंडळंच गुंडाळली गेली. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात लागलेले कर्मचारी लाटेसारखे निवृत्त होणार, हे उघडच होतं. खंडेलवाल समितीने २०१० मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात मनुष्यबळाचा हाच प्रश्न ऐरणीवर आणला. २०११ पासून ‘आयबीपीएस’च्या सामाईक परीक्षेतून नवी मुलं-मुली येऊ लागली. पंचावन्न आणि पंचवीस यांच्यामधली फळी तोवर जवळजवळ नाहीशी झालेली होती.

एरवी ऑफिसात काम वरून खाली झिरपतं ते या मधल्या लोकांमधून. नवख्याला व्हाउचर कुठे लावायचं, कुठल्या खातेदाराशी कसं बोलायचं, हे पंचावन्न वर्षांचे साहेब शिकवत नाहीत. पाच-दहा वर्षं आधी लागलेला सांगतो. तोच नसल्यामुळे शाखांमध्ये जे खटके उडाले, त्यांना ‘जनरेशन गॅप’ असं सोयीचं नाव मिळालं. माझं म्हणणं असं, की या नावाखाली आपण बऱ्याच वेगळ्या गोष्टी कोंबतो: वय, नोकरीच्या अटी, अपुरं प्रशिक्षण, कधीकधी नुसती भाषा. बँक हे एक उदाहरण आहे. जिल्हा परिषदेत, कॉलेजात, एमआयडीसीतल्या कारखान्यात हीच गोष्ट थोड्याफार फरकाने दिसेल.

गैरसमज : जन्मसालावरून माणसाचा स्वभाव कळतो

मिलेनियल असे, जेन झी तसे, असे तक्ते एचआरच्या प्रशिक्षणात हमखास दाखवले जातात. मुळात हे साचे अमेरिकेचे. ‘बेबी बूमर’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ दरम्यान, तिथे जन्मदर उसळला तेव्हाची मुलं. १९५५ साली लातुरात जन्मलेल्या माणसाचा त्या उसळीशी काय संबंध? त्याच्या आयुष्यावर ७२ चा दुष्काळ आणि आणीबाणी यांचा ठसा जास्त असणार. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच पिढ्यांवरच्या निबंधात सांगून ठेवलंय, की एकाच साली जन्मल्याने लोक एका पिढीचे होत नाहीत. त्यासाठी एकाच सामाजिक घडामोडीत सापडावं लागतं.

अमेरिकेतही या साच्यांची पत उतरली आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०२० मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला: कर्मचाऱ्यांचं व्यवस्थापन करताना पिढ्यांची ही वर्गवारी उपयोगाची आहे का? उत्तर नकारार्थी आलं. त्याआधी २०१२ मध्ये डेव्हिड कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी वीस अभ्यास एकत्र करून नोकरीतलं समाधान, संस्थेशी बांधिलकी आणि नोकरी सोडण्याचा इरादा हे तीन निकष पिढीवार लावून पाहिले होते. फरक किरकोळ होते, बऱ्याच ठिकाणी शून्याच्या आसपास. ही नावं जगभर पोचवण्यात मोठा वाटा असलेल्या प्यू रिसर्च सेंटरनेही २०२३ मध्ये जाहीर केलं, की यापुढे आम्ही ती जपून वापरू आणि तुलना करायची तर शक्यतो एकाच वयाच्या लोकांची करू.

शेवटचा मुद्दा कळीचा आहे. आजचा चोवीस वर्षांचा मुलगा आणि आजचे चोपन्न वर्षांचे साहेब यांची तुलना करून पिढीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. फार तर वयाबद्दल होतं. तुलना करायची तर साहेब चोवीस वर्षांचे असताना कसे होते, त्याच्याशी करायला हवी. आणि ती आठवणीवर विसंबून करून चालत नाही.

गैरसमज : आमच्या वेळी असं नव्हतं

आठवणीवर का नाही, हे जॉन प्रोत्झको आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ मध्ये दाखवलं. त्यांना आढळलं, की वडीलधाऱ्यांचा मान ठेवणाऱ्या लोकांना हल्लीची मुलं विशेष उद्धट वाटतात; स्वतः भरपूर वाचणाऱ्यांना हल्लीची मुलं वाचत नाहीत असं जास्त वाटतं. माणूस ज्या गुणात स्वतः सरस, तोच गुण त्याला तरुणांत कमी दिसतो. याचं एक कारण त्यांनी असं मांडलं, की आपण आजचे आपण घेतो आणि ते आपल्याच तरुणपणावर चिकटवतो. तिशी-चाळिशीत लागलेली शिस्त विशीतही होती असं वाटू लागतं.

‘साडेपाच वाजले की बॅग उचलतात’ ही तक्रार याच जातीची. बँकेच्या बाबतीत तर ती ऐकून हसू येतं. कामाचे तास ठरवून घेणं, जादा कामाचा मोबदला, हे सगळं १९४६ मध्ये स्थापन झालेल्या एआयबीईएसारख्या संघटनांनी भांडून आणि १९६६ पासूनच्या द्विपक्षीय करारांनी पदरात पाडून घेतलेलं आहे. ‘नियमानुसार काम’ हे आंदोलनाचं हत्यार तर सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या क्लार्कनी परजलं. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली, ती घ्यायला कुणी ज्येष्ठ मागे राहिल्याचं ऐकिवात नाही.

त्याहून मजेची गोष्ट पुढेच आहे. २०११-१२ मध्ये परीक्षा देऊन आलेली पोरं आता चाळिशीकडे झुकली आहेत. काहीजण चीफ मॅनेजर आहेत. आणि यंदा रुजू झालेल्या क्लार्कबद्दल त्यांचं मत विचारा: मोबाइलमधून डोकं काढत नाहीत, जबाबदारी घेत नाहीत, लगेच वाईट वाटून घेतात. त्यांच्याबद्दल तेव्हाचे साहेब हेच म्हणत होते.

गैरसमज : ही मुलं टिकत नाहीत

तरुणपणी नोकऱ्या बदलणं नवं नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने १९५७ ते १९६४ दरम्यान जन्मलेल्या लोकांचा दशकानुदशकं माग ठेवला. ‘एकाच कंपनीत आयुष्य काढलं’ अशी ख्याती असलेल्या या मंडळींनी अठराव्या ते छप्पन्नाव्या वर्षापर्यंत सरासरी बारापेक्षा जास्त नोकऱ्या केल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास पंचविशीच्या आत.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं हे खरं, पण त्याचं कारण निष्ठेपेक्षा निवृत्तिवेतनात शोधावं. सरकारी बँकांत १९९५ मध्ये पेन्शन योजना आली. ती मिळवायची तर टिकून राहणं भाग होतं; मध्येच सोडणं म्हणजे म्हातारपणावर पाणी सोडणं. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना ती नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, म्हणजे एनपीएस आहे, आणि एनपीएसचं खातं नोकरी बदलली तरी माणसाबरोबर जातं. राज्य सरकारच्या नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ ही अशीच रेघ आहे. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी संपावर गेले ते तिच्यावरूनच. एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांना मालकाने दोन वेगळे करार दिले आहेत. त्यांच्या वागण्यात फरक पडणारच. तो संस्कारांच्या खात्यावर टाकणं हिशेबाला धरून नाही.

पुरावा हवा तर खासगी बँकांकडे पाहा. काही खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या घरात गेल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ च्या अहवालात चिंता व्यक्त केली. सरकारी बँकांत हे प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. दोन्हीकडे भरती होते ती त्याच वयाची, त्याच कॉलेजांतून आलेली मुलं. पिढी एकच, टिकणं वेगळं. मग शोध टार्गेटचा, बदल्यांचा, बढतीच्या संधीचा घ्यायला हवा.

क्लार्क मुलगी जेवणाच्या सुट्टीत पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) किंवा रिझर्व्ह बँकेच्या परीक्षेची तयारी करते, यावर शाखेत तोंडं वाकडी होतात. जेएआयआयबी-सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा देऊन वेतनवाढ मिळवणाऱ्यांनी तरी ती करू नयेत. तिला सरळ विचारावं: परीक्षा कधी आहे, रजा कधी लागेल? म्हणजे ऐन मार्चअखेरीस गोंधळ होत नाही आणि तीही लपवाछपवी करत नाही.

गैरसमज : कॉम्प्युटर त्यांच्या हातचा मळ

‘डिजिटल नेटिव्ह’ ही कल्पना मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये मांडली आणि ती फारच लवकर सत्य मानली गेली. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना मोबाइल आणायला सांगून त्यावर प्रत्यक्ष कामं करायला लावली. यूट्यूबवर व्हिडिओ शोधणं तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांना जमलं. गूगल मॅप्सवर एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे मात्र एक तृतीयांशाहून थोडीच अधिक मुलं सांगू शकली. मोबाइल सफाईने चालवणं आणि एक्सेलमध्ये तारण मालाचा हिशेब मांडणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते कुणीतरी शिकवल्याशिवाय कापलं जात नाही.

उलट बाजूचा गैरसमज तर अन्यायाचा आहे. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा. त्यानंतर हाताने लिहायचे लेजर गेले, लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग शाखेपुरतं संगणकीकरण, मग सगळ्या शाखा जोडणारं कोअर बँकिंग. साठीला आलेल्या ज्या क्लार्कला आपण ‘त्यांना जमत नाही’ म्हणतो, त्याने एवढी स्थित्यंतरं काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना पार पाडली आहेत.

शाखेतली नेहमीची वाटणी म्हणजे मेल, अॅप, प्रिंटर अडकला की ‘ए, जरा बघ गं’ तरुणांकडे, आणि सातबारा वाचणं, गहाणखताची कागदपत्रं तपासणं ज्येष्ठांकडे. दोघांनाही हे सोपं पडतं, म्हणून ते चालू राहतं. पण ज्येष्ठ निवृत्त झाले की फेरफार वाचता येणारं शाखेत कुणी उरत नाही. जोड्या लावून कामं मुद्दाम उलटसुलट द्यावीत.

गैरसमज : ‘का?’ विचारणं म्हणजे उद्धटपणा

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, ही मेकर-चेकर पद्धत आहे. म्हणजे शंका घेणं हे इथे नेमून दिलेलं काम आहे. तरीही ‘साहेब, ही पावती अशी का लावायची?’ असं नव्या मुलाने विचारलं की उत्तर येतं, पूर्वीपासून असंच आहे.

हे उत्तर किती महाग पडतं, ते मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत दिसलं. पंजाब नॅशनल बँकेच्या या शाखेतून एका हिरे व्यापाऱ्याच्या कंपन्यांसाठी वर्षानुवर्षं हमीपत्रं दिली जात होती. त्यांचे संदेश बँकांमधल्या स्विफ्ट संदेश यंत्रणेतून परदेशी जात आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच होत नसे. संबंधित अधिकारी बरीच वर्षं त्याच खुर्चीत होता आणि २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपन्या पुन्हा हमीपत्र मागायला आल्या तेव्हा शाखेने शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं. कंपन्यांचं म्हणणं, आधी तर मार्जिनशिवाय मिळायचं. शाखेने दप्तर तपासलं, तर तसं काही कधी दिल्याची नोंदच सापडेना. प्रकरण पुढे तेरा हजार कोटींच्या वर गेलं. खुर्चीत नवा माणूस आला आणि त्याने नियमातला पहिला प्रश्न विचारला, एवढ्यावर ते उघडकीला आलं.

म्हणून नव्या सहकाऱ्याने ‘का’ विचारलं तर कारण सांगावं. कारण आठवत नसेल तर परिपत्रक काढून दोघांनी मिळून वाचावं. कधीकधी ते केव्हाच रद्द झालेलं निघतं. चूक दाखवायची तर त्याच दिवशी, नेमकी, आणि गिऱ्हाइकासमोर नको. वार्षिक अहवालात एकदम वाचायला मिळालेली नापसंती कुणालाच, अगदी अठ्ठावन्नाव्या वर्षीही, मानवत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. अधिकाऱ्यांची भरती देशभरातून होते. पाटण्याचा चोवीस वर्षांचा मुलगा गडचिरोलीत किंवा बीडमध्ये पीओ म्हणून येतो आणि तो ‘मिसळत नाही’ अशी तक्रार होते. त्याला शेतकऱ्याचं म्हणणं अर्धंच कळत असतं, एवढाच मामला. त्याला पहिले काही महिने शाखेतल्या जुन्या शिपायाच्या जोडीने वसुलीच्या फेरीवर पाठवा. कुणाचा ऊस कारखान्याला गेलाय आणि कुणाच्या घरी लग्न निघालंय, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून तो मराठी आणि कर्जवसुली दोन्ही शिकतो. शिपायाने वयाने नातवासारख्या मुलाला साहेब म्हणायचं असेल, तर साहेबांनीही त्यांना ‘काका, तुम्ही’ म्हणावं. आणि ज्येष्ठ क्लार्कनी नव्या मॅनेजर मुलीला काउंटरवर ‘अगं’ म्हणणं टाळावं, कारण समोरचा कर्जदार ते ऐकत असतो आणि पुढच्या वेळी हप्त्याची मुदत मागताना तोही तसंच बोलतो.