तंबाखूचा कर, दवाखान्याचा खर्च



फडात दुपारची भाकर झाली की चंची निघते. तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, अंगठ्याने मळायचा, अन् गेला गालात. घरी आयाबाया मिश्री लावतात. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच फार.

‘आमच्या आज्याने जन्मभर खाल्ली, त्याला काय झालं?’ असे पारावर कोणी म्हणतो. पण ज्याच्या गालात गाठ निघाली त्याचे घर पाहावे. चिखलीहून बुलढाणा, तिथून छत्रपती संभाजीनगरचे कर्करोग रुग्णालय. आधी दावणीची म्हैस जाते, मग रान गहाण पडते.

अशा वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार होतो. 2012 साली दुसऱ्या नावाने ती सुरू झाली. 2024 पासून कुटुंबाला वर्षाकाठी 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र हा पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून येतो. मग रोग देणाऱ्या मालानेच तो का भरू नये?

फिलिपाइन्स देशाने 2012 साली कायदा करून तंबाखू व दारूवरचा कर वाढविला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा वाटा गोरगरिबांच्या आरोग्य विम्याला लावला.

आपल्याला ही रीत नवी नाही. साखरेवरचा उपकर 1982 च्या कायद्याने साखर विकास निधीसाठी होता. त्यातून कारखान्यांना कर्जे मिळाली. बिडीवरच्या उपकरातून 1976 च्या कायद्यान्वये बिडी कामगारांच्या औषधपाण्याची सोय होई. 2017 साली जीएसटी आला अन् दोन्ही उपकर गेले. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने इतर तंबाखूला 40 टक्के दर ठरविला, पण बिडीचा 28 वरून 18 वर आणला!

गरिबावर बोजा पडेल, हे म्हणणे खोटे नाही. पण पुडी महागली तर पोरगा ती घेताना दोनदा विचार करील. अन् जो सोडणार नाही, त्याचा पैसा त्याच्याच उपचाराला येईल. अट एकच: या पैशाचे खाते वेगळे हवे, आणि बिडी वळणाऱ्या बायांना दुसरे काम हवे.

उसाच्या काट्यावर आपण किलोकिलोचा हिशेब मागतो. तसाच या कराचाही मागावा, आणि तोवर चंची घरीच ठेवावी, ही विनंती.