प्याल्यातली कावेरी

काळ्या कॉफीच्या एका प्याल्यात कॉफी किती असते? अंदाज करा. निम्मी? पाव? नाही. शंभरातला जेमतेम सव्वा भाग! उरलेले पावणेनव्याण्णव भाग नुसतं पाणी.

मग परगावी गेल्यावर एखाद्या छोट्या, कुठल्याही साखळीत नसलेल्या स्पेशालिटी कॉफीच्या दुकानात शिरतो, तेव्हा आपण नेमकं पितो तरी काय? बंगळुरूचंच उदाहरण घेऊ. तिथं दूध-चिकोरीची फिल्टर कॉफी पिढ्यान् पिढ्या आहेच, पण आता इंदिरानगर, जयनगरसारख्या भागांत ‘पोर-ओव्हर’ करून देणारी दुकानंही आहेत. दूध नाही, साखर नाही. तिथल्या काउंटरपाशी जरा उभे राहा. पुढच्या चार मिनिटांत किती काय घडतं ते बघाच.

समोर वजनकाटा. त्यावर काचेचं भांडं, भांड्यावर कोनाच्या आकाराचं गाळणं आणि गाळण्यात कागद. हा कागद आला कुठून? १९०८ साली ड्रेस्डेनमधल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतल्या चोथ्याचा वैताग आला. तिनं मुलाच्या वहीतला टीपकागद काढला, तळाला भोकं पाडलेल्या भांड्यात बसवला आणि त्यातून कॉफी गाळली. त्या टीपकागदाचा वंश आज जगभरच्या काउंटरांवर नांदतोय!

बरिस्ता १५ ग्रॅम बिया मोजतो, दळतो आणि पूड कागदात ओततो. लांब बाकदार तोटीच्या किटलीतून घोटभरच गरम पाणी सोडतो आणि चक्क थांबतो. आता पुडीकडे बघा. ती टम्म फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, मध्येच भेग पडते. हे काय चाललंय? बी भाजताना २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तडतडतं. त्या धगीत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बियाच्या बारीक कप्प्यांमध्ये अडकून बसतो. पुढे दिवसागणिक तो हळूहळू निसटत राहतो आणि गरम पाणी लागताच उरलासुरला एकदम सुटतो. म्हणजे हा फुगवटा बियांच्या ताजेपणाची साक्ष देतो. भाजून महिने लोटलेली पूड भिजते आणि गपगार बसून राहते.

मग धार पुन्हा सुरू होते. काटा २५० ग्रॅमवर येईपर्यंत तीनेक मिनिटं जातात. पाण्यात आधी उतरतात ते आंबट, फळांची याद देणारे घटक. मागून गोडवा येतो. कडू आणि तुरट मंडळी सर्वांत शेवटी. धार लवकर आटोपली तर कॉफी आंबट लागते, रेंगाळली तर कडू. पुडीचा बराचसा भाग म्हणजे चिवट तंतू, तो विरघळतच नाही. चांगल्या प्याल्यात पुडीचा साधारण पाचवा हिस्सा उतरतो. १५ ग्रॅमांचा पाचवा हिस्सा किती? ३ ग्रॅम! सगळा सुगंध, सगळा रंग, सगळी तरतरी या तीन ग्रॅमांत.

आणि त्या तीन ग्रॅमांचं कूळ तरी केवढं! अरेबिका ही कॉफीची जात लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या जंगलात दोन वेगळ्या जातींच्या संकरातून निपजली. त्यातली एक युजेनिऑइड्स आणि दुसरी आपली रोबस्टा. हो, जिला अरेबिकाची गरीब बहीण समजतात ती रोबस्टा खरं तर तिच्या जन्मदात्यांपैकी एक आहे! आईबापांची प्रत्येकी २२ गुणसूत्रं लेकीनं जशीच्या तशी उचलली, म्हणून अरेबिकाची गुणसूत्रं ४४. आपल्याकडे गोष्ट आणखी पुढे गेली. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ साली कॉफी संशोधन केंद्र सुरू झालं. तिथं १९४०च्या दशकात तयार झालेल्या ‘एस. ७९५’ या वाणात लायबेरिका या तिसऱ्या जातीचाही अंश आहे. बंगळुरूच्या दुकानातल्या पाटीवर हे नाव हमखास दिसतं. तेव्हा ‘एस. ७९५’ मागवलीत की आफ्रिकेतल्या तीन जंगली झाडांचं गोत्र एका प्याल्यात येतं.

एवढं सगळं झालं सव्वा भागाबद्दल. पावणेनव्याण्णव भागांचं काय?

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. हेच क्षार कॉफीत मात्र कामाला येतात. पुडीतल्या स्वादाच्या घटकांना धरून ते पाण्यात ओढून आणतात, आणि त्यातही मॅग्नेशियमची पकड भलती घट्ट. हे आकडेमोडीनं दाखवलं कुणी? इंग्लंडमधल्या बाथ गावात कॉफीचं छोटं दुकान चालवणारे मॅक्सवेल कलोना-डॅशवूड आणि तिथल्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन यांनी. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॉफीचा दुकानदार रसायनशास्त्राच्या निबंधाचा सहलेखक! छोट्या दुकानातली माणसं आपल्या कामात किती खोल उतरतात, याचा याहून चांगला दाखला कुठे मिळणार?

पाण्यात आणखी एक गडी असतो, बायकार्बोनेट. त्याची करामत बघायची असेल तर लिंबाच्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफसेल, आणि आंबटपणा पार बोथट होईल. कॉफीतल्या आंबट गोडीचं तेच होतं. लंडनचं पाणी खडूच्या डोंगरांतून झिरपत आलेलं, किटलीत पुटं चढवणारं. मेलबर्नचं बरंचसं पाणी माणसांना मज्जाव असलेल्या राखीव जंगलांतून येतं आणि ते अगदी हलकं. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी भाजलेल्या बिया या दोन शहरांत नेल्या आणि नळाच्या पाण्यात उतरवल्या, तर दोन निराळ्या कॉफ्या प्यायल्यासारखं वाटेल. आरओच्या पाण्यातून तर बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, स्वाद ओढून आणायला फारसं कुणी उरतच नाही. प्रवासात आवडलेल्या बियांचं पाकीट हौसेनं घरी आणावं आणि ती चव काही केल्या जमू नये, त्यामागे पुष्कळदा हे पाणी असतं.

आता बंगळुरूकडे परत या, कारण खरं नवल तिथंच आहे. कर्नाटक देशातली सुमारे ७० टक्के कॉफी पिकवतं, त्यात सर्वांत मोठा वाटा कोडगूचा. त्याच कोडगूत तलकावेरीला कावेरी उगम पावते. तिला मिळणारी हेमावती निघते चिकमगळूरच्या कॉफीच्या डोंगरांतून. आणि बंगळुरूच्या नळाला पाणी कुठलं? याच कावेरीचं! सुमारे १०० किलोमीटरवरून, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून आणलेलं.

म्हणजे बघा, काय जुळून आलंय. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांवर वळवाच्या सरी पडतात. फांद्यांवर निजलेल्या कळ्यांना त्या जाग आणतात आणि आठ-दहा दिवसांत मळेच्या मळे एकदम पांढऱ्या फुलांनी भरून जातात. त्या सरी आल्या नाहीत तर फूल नाही, फळ नाही, बी नाही. पुढे पावसाळाभर कोसळणारं पाणी झाडांची मुळं भिजवतं आणि उरलेलं ओढ्या-ओहोळांतून कावेरीला मिळतं. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन वाटांनी निघतो. एक वाट झाडातून, बियांतून आणि भट्टीतून जाते, दुसरी नदीतून, धरणातून आणि नळातून. दोघांची गाठ पडते ती बंगळुरूतल्या त्या कागदाच्या कोनात!

शहराच्या बऱ्याच भागांत अजून बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते बहुधा जड असतं. तिथल्या दुकानदाराला फिल्टर बसवून, क्षारांचं माप जुळवून, दळण बारीक-जाड करून चव साधावी लागते. मोठ्या साखळीला सगळीकडे एकच चव हवी असते. छोटं दुकान मात्र जे पाणी वाट्याला आलं त्याच्याशी रोज नव्यानं जुळवून घेतं. नागपुरात ‘कॉरिडॉर सेव्हन’सारखे रोस्टर दक्षिणेकडच्या बिया आपल्या गावात भाजतात. नागपूरला पाणी पुरवतात पेंच आणि कन्हान. म्हणजे तिथल्या प्याल्यात सातपुडा आलाच की!

तेव्हा पुढच्या प्रवासात असं दुकान दिसलं तर आत शिराच. आधी साधं पाणी मागून एक घोट घ्या. मग काळी कॉफी सांगा आणि ती जरा निवू द्या, कारण फळांची ती चव कोमट झाल्यावरच नीट कळते. बिया कुठल्या आणि भाजल्या कधी, हे तर विचाराच, पण ‘तुम्ही पाणी कुठलं वापरता?’ हेही विचारा. समोरच्या माणसाचा चेहरा खुलेल, कारण ज्या गोष्टीसाठी तो रोज सकाळी खपतो ती गिऱ्हाइकं क्वचितच विचारतात. बियांचं पाकीट कुरिअरनं घरपोच मागवता येतं. पाण्यासाठी मात्र त्या गावाला जावंच लागतं.